क्लासिकमध्ये फेरबदल करायचे की एक्सपल्स घ्यायची?

सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांसाठी घरच्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० मोटरसायकलमध्ये फेरबदल करावेत, की सरळ हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही घ्यावी? नुसती खडी असेल तर क्लासिकला दातेरी टायर आणि इंजिनाखाली दगडांचा मार झेलणारी बॅशप्लेट लावा, पुरे. कमी वेगातला तिचा जोर चढावर फार कामाला येतो. पण १९५ किलो वजन आणि पुढच्या सस्पेन्शनची १३० मिलिमीटर चाल (खड्ड्यात चाक जेवढं वर-खाली होतं ते अंतर), ही तशीच राहते. एक्सपल्सला ती चाल १९० मिलिमीटर, पुढचं चाक २१ इंची, वजन सुमारे ३५ किलो कमी. चिखलात आडवी पडलेली गाडी एकट्याने उचलताना हा फरक कंबरेला कळतो! ओढे, दगड ओलांडायचे असतील तर मी एक्सपल्सच घेईन. आणि क्लासिकची चासी, म्हणजे सांगाडा, कापायचा विचार असेल, तर आधी मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरबदलांवरचं कलम ५२ वाचा.