छोटी गाडी इलेक्ट्रिक केली, पावणेदोन वर्षांत बॅटरीवर दोनदा पैसे घातले

दुसरा बॅटरी पॅक बसवून आता नऊ महिने झाले आणि त्यावर ९,००० किमी पडले, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. याआधी लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, कारण नवीन बॅटरीवर पहिले दोन महिने सगळ्यांचीच गाडी भारी चालते.

गाडी छोटी हॅचबॅक, इंजिन गेलेली, मूळ वजन ७०० किलोच्या आसपास. रोजचं जाणंयेणं ३३ किमी. मोटर एसी इंडक्शन, सिस्टीम ९६ व्होल्टची. मोटर आणि कंट्रोलरबद्दल फार सांगण्यासारखं नाही, बसवले आणि विसरलो. सगळी मजा (आणि सगळा पैसा) बॅटरीत आहे. एकूण खर्चाचा साठ टक्क्यांच्या वर भाग फक्त बॅटरी आणि तिच्या आजूबाजूच्या सामानाने खाल्ला.

पहिल्यांदा मी लेड-ॲसिड, म्हणजे शिशाच्या बॅटऱ्या घेतल्या. हो, मला सगळ्यांनी सांगितलं होतं नको घेऊस म्हणून. पण लिथियमचा आकडा ऐकून पोटात गोळा आला आणि वाटलं की आधी स्वस्तात गाडी चालवून तर बघू, जमलं तर मग पुढचं पुढे. १२ व्होल्ट १०० ॲम्पिअर-अवरच्या आठ डीप सायकल बॅटऱ्या, म्हणजे कागदावर ९.६ युनिट. वजन २४० किलो!! मागचं सस्पेन्शन बसलं, स्प्रिंग बदलायला लागल्या, ब्रेक मारल्यावर गाडी विचार करून थांबायची.

आता ते ९.६ युनिट कसे गायब होतात ते बघा, कारण इथेच बहुतेक लोक फसतात. बॅटरीवर लिहिलेले १०० ॲम्पिअर-अवर हे वीस तासांत हळूहळू रिकामी केली तरचे असतात, म्हणजे ५ ॲम्पिअरने. गाडी पन्नासच्या स्पीडला ६०-६५ ॲम्पिअर खेचते, आणि एवढ्या जोरात खेचलं की लेड बॅटरी ५५-६० ॲम्पिअर-अवरच्या वर देतच नाही. पॉयकर्ट नावाच्या जर्मन माणसाने १८९७ सालीच हा नियम मांडून ठेवलाय, मी तो बॅटऱ्या घेतल्यानंतर वाचला. त्यात परत पूर्ण रिकामी केली तर आयुष्य झपाट्याने कमी होतं, म्हणून वीस टक्के शिल्लक ठेवायचे. उरले सव्वाचार युनिट. ३५ किमी. म्हणजे माझं रोजचं अंतर आणि वर दोन किमीची चैन.

सातव्या महिन्यापासून रेंज घसरायला लागली, ऑफिसात चार्जिंग सुरू केलं, अकराव्या महिन्यात १८ किमीवर आली आणि दोन बॅटऱ्या चार्जच धरेनात. एकूण साधारण ९,५०० किमी झाले, वीज बाहेर निघाली सव्वाअकराशे युनिटच्या आसपास. एक गोष्ट मात्र बरी, शिशाला भंगारात मोल आहे, घेतलेल्या किमतीच्या अठरा टक्के परत मिळाले.

मग लिथियम आयर्न फॉस्फेट, ज्याला सगळे एलएफपी म्हणतात. याआधी मी सेकंडहँड बॅटरी मॉड्यूलचाही विचार केला होता, म्हणजे अपघातात गेलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांमधून काढलेले. जुन्या निसान लीफच्या २४ युनिटच्या पॅकमध्ये ४८ मॉड्यूल असतात, प्रत्येकात चार सेल, एकेक मॉड्यूल चार किलोच्या आतलं, हाताळायला सोपं. भाव चांगला असतो, लेडपेक्षा वजनाला हलकं पडतं. पण त्या पॅकला आतून कूलिंग नव्हतं, आधीच्या मालकाने ते उन्हात किती तापवलं ते कळायला मार्ग नाही आणि त्याची केमिस्ट्री एलएफपीइतकी शांत (म्हणजे लवकर न पेटणारी) नसते. माझ्या सीटखाली ठेवायचं तर मला शांत हवी होती. ज्याच्याकडे कपॅसिटी मोजायचं मशीन आहे आणि वेळ आहे त्याने जरूर घ्यावे, मी त्यातला नाही.

तर १०५ ॲम्पिअर-अवरचे ३२ सेल एका मागोमाग एक जोडले. एका सेलचे ३.२ व्होल्ट, एकूण १०२.४, म्हणजे कागदावर पावणेअकरा युनिट. सेलचं वजन ६४ किलो, डबा, पट्ट्या, वायरी धरून ८८. गाडी दीडशे किलोने हलकी झाली आणि पहिल्याच चढावर कळलं. (गंमत म्हणून सांगतो, एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे माझ्या अख्ख्या बॅटरीत सव्वा लिटर पेट्रोलही नाही. पण इंजिन त्यातला बहुतेक भाग उष्णता म्हणून उडवतं, मोटर उडवत नाही, म्हणून तेवढ्यात ८५ किमी जातो.)

आता खर्च. रुपये डॉलर सोडा, ते दर सहा महिन्यांनी बदलतात. लेडच्या आठ बॅटऱ्यांना १०० लागले असं धरा. त्या मानाने एलएफपीचे नुसते सेल २४० ला पडले. मी इथपर्यंतचाच हिशोब करून बसलो होतो. मग बीएमएस, म्हणजे एकेका सेलवर नजर ठेवणारं सर्किट, ३५. चार्जर ४५, कारण लेडचा चार्जर चालत नाही, तो शेवटी बारीक करंट ढोसत राहतो आणि मधूनमधून मुद्दाम व्होल्टेज चढवतो, एलएफपीला यातलं काहीच नको असतं. काँटॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा स्विच), डीसी फ्यूज, प्रीचार्ज रेझिस्टर आणि करंट मोजायचा शंट मिळून ३०. डबा, सेल दाबून धरायच्या प्लेटा, तांब्याच्या पट्ट्या, केबल आणि लग्ज ४०. झाले ३९०. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला इतकं नाही, पण मसाल्याचे १५० मी कुठेच धरले नव्हते आणि ते एकदम खिशातून गेले.

यात कुठे वाचवू नका ते सांगतो. डीसी फ्यूज. घरातल्या एसी करंटच्या लायनीचा फ्यूज स्वस्त मिळतो आणि दिसतो सारखाच, पण एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून तिथे ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही, फ्यूज उडाला तरी आत आर्क पेटत राहू शकतो. आणि प्रीचार्ज, ती एक छोटीशी रेझिस्टर नसेल तर कंट्रोलरमधले रिकामे कपॅसिटर एका क्षणात शेकडो ॲम्पिअर ओढतात आणि काँटॅक्टरचे पॉइंट चिकटतात. चिकटलेला काँटॅक्टर म्हणजे कंट्रोलर बिघडला तर बंद न होणारी गाडी. कोणी म्हणेल अतिशयोक्ती करतोय, नाही करत.

सेल आले तेव्हाची कथा वेगळीच. ज्याच्याकडून घेतले त्याचं नाव घेत नाही. सगळे ग्रेड ए, म्हणजे एक नंबर दर्जाचे म्हणून घेतले, मी एकेक चार्ज-डिस्चार्ज करून मोजले, तीन आठवडे घरात त्याच कामाचा पंखा घरघरत होता. तीस सेल १०४ ते १०६ च्या मध्ये, दोन मात्र ९६ आणि ९७. त्या दोघांवरचा क्यूआर कोड खरवडून परत छापल्यासारखा दिसत होता. भांडून दोन महिन्यांनी एक बदलून मिळाला, ९७ वाला तसाच राहिला. सिरीजमध्ये एक जरी सेल कमी भरला तरी सगळा पॅक त्याच्याएवढाच, त्यामुळे माझे पावणेअकरा युनिट प्रत्यक्षात दहाच्या आत आहेत. ३२ लागणार असतील तर ३४ मागवा, हा माझा अनुभवाचा एक नंबर सल्ला. जोडण्याआधी सगळे पॅरलल लावून ३.६५ व्होल्टपर्यंत एकत्र भरून घ्या, याला चारपाच दिवस लागतात आणि कंटाळा येतो, तरी करा. बीएमएसचा सेल एकसारखे करायचा बॅलन्सिंग करंट इतका चिमुकला असतो की मोठा फरक तो महिनोन्‌महिने पुसत बसेल.

वापरात पहिला झटका दीड महिन्याने बसला. सिग्नल सुटला, मी पाय दाबला, गाडी मेली. मागून हॉर्न. बीएमएसने १९ नंबरच्या सेलचं व्होल्टेज २.१ वाचलं आणि काँटॅक्टर सोडून दिला. सेलला काही झालं नव्हतं, व्होल्टेज मोजायच्या बारीक वायरीच्या टोकाचा लग मीच नीट दाबून (क्रिम्प) बसवला नव्हता. चांगलं क्रिम्पिंग टूल घ्यायचं टाळलं होतं, नंतर घेतलं आणि सगळ्या ३२ जागा परत केल्या.

दुसरं म्हणजे व्होल्टेज बघून बॅटरी किती उरली हे कळत नाही. लेडमध्ये कळायचं थोडंफार. एलएफपी नव्वद टक्क्यांपासून वीसपर्यंत जवळजवळ एकाच व्होल्टेजवर बसून राहते आणि मग कड्यावरून पडल्यासारखी पडते. शंट लावून आत-बाहेर गेलेला करंट मोजणारं मीटर हवंच, आणि त्याचाही हिशोब हळूहळू चुकत जातो म्हणून पंधरा दिवसांतून एकदा बॅटरी पूर्ण भरून मीटर शून्य करून घ्यायचं. बाकी रोज मी नव्वदवरच थांबतो. एकदा शंभर टक्के भरून निघालो आणि लगेच उतार लागला, रीजनने (गाडी हळू करताना मोटर जी वीज बनवते तिने) परत वीज ढकलली, ठेवायला जागा नाही, दोन सेल वर गेले आणि बीएमएसने तिथेही लाइट लावली.

थंडीत शून्याच्या खाली चार्ज करायचं नाही, लिथियम धातू होऊन आत साचतो. एवढं लक्षात ठेवलं की झालं.

चालवायचा खर्च मात्र झकास. प्लगमधून मोजलं तर किमीला १२५ वॉट-अवर पडतात, लेडवर १८० पडायचे कारण जास्तीचं थोडं वजन ओढण्यात आणि बरंचसं चार्जिंगच्या उष्णतेत जायचं. रोज चारेक युनिट, रात्री दोन-अडीच तासांत काम झालं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो तो हिशोब. लेडचे १०० वजा भंगाराचे १८, म्हणजे ८२ मध्ये ११४० युनिट मिळाले. एलएफपीचे ३९० घालून आत्तापर्यंत ९४५ युनिट काढलेत. म्हणजे आजच्या तारखेला शिसं पुढे आहे! हे कोणी सांगत नाही. लिथियमवाले सगळे डेटाशीटवरच्या दोन-तीन हजार सायकलने (एक सायकल म्हणजे एकदा पूर्ण भरून पूर्ण रिकामी) भागाकार करतात आणि म्हणतात बघा किती स्वस्त. बरोबर आहे, पण त्या सायकल अजून व्हायच्यात. माझा एलएफपीचा दर लेडच्या दराला गाठायला साधारण ५,४०० युनिट लागतात, म्हणजे पाचशे-साडेपाचशे पूर्ण सायकल, ५१-५२ हजार किमी. रोजच्या ३३ ने सव्वाचार वर्षं. डेटाशीट अर्धी खोटी धरली तरी एवढ्या सायकल हा सेल हसत काढेल, पुढचं सगळं नफ्यात. पण रोज १५ किमी चालवणाऱ्याला हेच गाठायला साडेनऊ वर्षं लागतील, आणि सेल नुसता पडून राहिला तरी वयाने म्हातारा होतोच. त्याने माझ्याएवढा पॅक घेऊ नये, मोटरचा करंट झेपेल एवढा छोटा घ्यावा.

मलाही आधी वीस युनिटचा घ्यायचा होता. सगळे म्हणतात रेंज जेवढी जास्त तेवढी बरी. मग रोज शंभर-सव्वाशे किमीची न वापरलेली बॅटरी घेऊन फिरलो असतो आणि तिचे पैसे आधीच देऊन बसलो असतो. आत्ता ८५ मिळतात, रोज ३३ लागतात, मधल्या ५० मध्ये पाऊस, हेडलाइट, डायव्हर्जन, म्हातारपण सगळं येतं. मला पुरतं. लांब जायचं असेल तर ही गाडी नेतच नाही.

वर्ष झालं की परत कपॅसिटी टेस्ट करणार आहे. बाकीच्या एकतीस सेलची काळजी नाही, तो ९७ वाला ९५ वर गेला की काढणार आणि तेव्हा पहिल्यांदा दोन जास्तीचे का मागवले नाहीत म्हणून स्वतःलाच शिव्या घालणार.