नेट स्लो, शिव्या मात्र लॅन कार्डाला: आठ महिन्यांचा अनुभव

दिवाळी झाल्यावर नागपूरच्या बर्डीवरून पीसीआय-एक्सप्रेसचं (मदरबोर्डच्या खाचेत बसणारं) गिगाबिट लॅन कार्ड आणलं, म्हणजे पीसीला केबलनं नेटवर्क जोडायचं कार्ड. रिअलटेकची ८१६८ चिप. महालात आमचा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. मदरबोर्डच्या पोर्टावर इंटरनेट आणि नव्या कार्डावरून थेट दुसरा पीसी, म्हणजे लग्नाचे रॉ फोटो (कॅमेऱ्याच्या मूळ, जड फाइली) पटापट तिकडे जातील, असा बेत होता.

पहिले दोन महिने फक्त डोकेदुखी. दुसरा पीसी बंद असला की नेट मस्त, चालू केला की पानं अडकायची. खूण समोरच होती, मला उशिरा कळली. मी दोन्ही पोर्टांना १९२.१६८.१ याच मालिकेतले आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) दिले होते आणि हौसेनं दोन्हीकडे गेटवेही (बाहेरच्या नेटकडे जायच्या दाराचा पत्ता) भरला होता. कमांड प्रॉम्प्टवर ‘रूट प्रिंट’ (रस्त्यांची यादी दाखवणारी कमांड) दिलं, तर बाहेर जायचे दोन रस्ते, त्यातला एक राउटरपर्यंत जातच नाही! नव्या कार्डाला १९२.१६८.१० ची मालिका दिली, गेटवे रिकामा ठेवला. नेट त्याच संध्याकाळी सुरळीत.

कॉपी मात्र सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. कॅमेऱ्याचं ३२ जीबीचं मेमरी कार्ड रिकामं व्हायला पाऊण तास. लॅनच्या स्टेटसमध्ये स्पीड १०० एमबीपीएस, म्हणजे मेगाबिट; आठनं भागलं की एमबीत जेमतेम १२. तणतणत लॅन कार्ड परत करायला गेलो, तर दुकानातला पोरगा म्हणे, "भाऊ, बदलून देतो, पण एकदा केबल तर पाहा." १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. घरी येऊन प्लग उजेडात धरला. चौथ्या पिनची निळी तार आत पोचलीच नव्हती, दोन मिलिमीटर आधीच थांबलेली. क्रिम्पिंग (केबलला प्लग दाबून बसवणं) कोणाचं? माझंच. नवा प्लग लावला आणि १.० जीबीपीएस दिसलं. आता ११० एमबीच्या आसपास मिळतात, तेच काम पाच मिनिटांत. दोन्हीकडे एसएसडी (वेगवान डिस्क) आहे, हे धरून बोलतोय.

मे महिन्यात दुपारी कूलरसमोरही मशीन तापायचं, पण लिंक एकदाही तुटली नाही. ड्रायव्हरमधलं ‘ग्रीन इथरनेट’ (वीज वाचवायचं सेटिंग) बंद केलंय. त्यानं नेमका काय फरक पडला ते विचारू नका.

तक्रार एकच. बॉक्समध्ये बारीक कॅबिनेटला लागणारी छोटी पट्टी (कार्ड कॅबिनेटला स्क्रूनं बसवायची) नव्हती. तसं कॅबिनेट असेल तर दुकानातच उघडून पाहून घ्या.