ट्रिगर थरथरतच नाही! फोर्झा होरायझन ५ च्या ट्यूनिंगसाठी हॉल इफेक्ट कंट्रोलर, अख्खा पावसाळा वापरून

आधीच सांगतो, फोर्झा होरायझन ५ ह्या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमसाठी घेतलेला हा कंट्रोलर चांगला आहे. स्टिकबद्दल एक अक्षर वाईट बोलणार नाही. पण ट्रिगरमध्ये, म्हणजे बोटाने दाबायच्या गॅस-ब्रेकच्या खटक्यांत, थरथरवणारी मोटर नाही, हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नाही, आणि ह्या एका गोष्टीपायी मला गॅरेजमधल्या सगळ्या आवडत्या गाड्यांचे ब्रेक गेममध्ये नव्याने लावावे, म्हणजे ट्यून करावे, लागले. म्हणून हे एवढं लांबलचक.

नवीन घ्यायची पाळी का आली ते ऐका. जुना कंट्रोलर नावाजलेला, महागातला, वॉरंटीत. एप्रिलपासून त्याची डावी स्टिक आपोआप एका बाजूला ओढायला लागली, म्हणजे सरळ रस्त्यावर अंगठा उचलला तरी गाडी हळूहळू निवडुंगात. पणजीला सर्व्हिसवाल्यांकडे नेला. काउंटरवरच्या मुलाने पावती बघितली, मागे स्क्रूच्या भोकात टॉर्च मारला आणि म्हणाला, "सर, गंज आहे, वॉरंटीत बसत नाही." म्हटलं अरे बाबा, फोंड्यात राहतो मी, आमच्याकडे गेटची कडी गंजते, पंख्याचे स्क्रू गंजतात, कपाटात ठेवलेल्या पट्ट्याचं बक्कल गंजतं, हवाच दमट आहे त्याला मी काय करणार? "सर, पॉलिसी तशीच आहे." आणि दुरुस्तीचा आकडा सांगितला तो नव्याच्या निम्म्याहून जास्त! वर बसवणार काय, तर परत तीच पोटेन्शिओमीटरवाली स्टिक, कार्बनच्या पट्टीवर घासत फिरणारी, जी आज ना उद्या झिजणारच. मी कंट्रोलर उचलला आणि घरी आलो. त्या पैशांत थोडे अजून घालून दुसऱ्या कंपनीचा हॉल इफेक्टवाला मागवला. ह्यात चुंबक आणि सेन्सर, एकमेकांना घासणारं काही नाही, त्यामुळे त्या कारणाने झिजायचा प्रश्नच नाही.

फरक पहिल्याच रात्री कळला. गेमच्या ऍडव्हान्स्ड कंट्रोलमध्ये स्टिअरिंगचा डेडझोन, म्हणजे स्टिक हलली तरी गेम दखल घेत नाही ती जागा, आतला आणि बाहेरचा असा वेगवेगळा लावता येतो हे माहीत असेलच. जुन्यावर ड्रिफ्ट, म्हणजे ते आपोआप ओढणं, दाबायला आतला डेडझोन २० वर नेऊन ठेवलेला. त्याने गाडी सरळ जायची खरी, पण अंगठ्याची सुरुवातीची हालचाल फुकट जायची आणि मग एकदम स्टिअरिंग यायचं, हायवेवर २५० च्या स्पीडला बारीकशी दुरुस्ती करायला गेलात की गाडी नागमोडी. नव्यावर आतला शून्य. शून्य! अंगठा उचलला की गाडी सरळ. एवढ्यासाठीच पैसे वसूल झाले असं मी जूनमध्ये सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

माझा भाचा स्टिअरिंग व्हीलवर खेळतो. त्याचं मत असं की कंट्रोलरवर ट्यूनिंग करण्यात अर्थच नाही, दुसऱ्याने लावलेलं ट्यून उतरवून घ्यायच्या शेअर कोडचे नऊ आकडे टाकायचे आणि खेळायचं. हे मला अजिबात पटत नाही. त्याने स्वतःच्या सिल्व्हिया एस१५ गाडीचा कोड दिला, गेमच्या वर्गवारीत ए क्लास, त्या वर्गाच्या कमाल ८०० वर बरोबर बसवलेली, व्हीलवर तो तीच गाडी अशी हाकतो की बघत राहावं. माझ्या हातात तीच गाडी पहिल्या वळणाला मागून फिरली. व्हीलला फिरायला भरपूर जागा असते, आपल्या अंगठ्याला सेंटिमीटरभर मिळते, त्यात मधून टोकापर्यंत जायला डोळ्याची पापणी लवायचा वेळसुद्धा लागत नाही. मग गाडी जेवढी तल्लख तेवढी ती आपल्यावरच उलटणार. म्हणून कंट्रोलरवर गाडी थोडी आळशी करावी लागते, आणि ते काम शेअर कोड करून देत नाही कारण कोडवाला कशावर खेळतो ते तुम्हाला कुठे माहीत असतं.

अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडी कलण्याला आवर घालणारी दांडी, तिचं सूत्र सगळे वापरतात ते, ६४ गुणिले वजनाचा वाटा अधिक १. पुढे ५५ टक्के वजन असेल तर पुढचा ३६.२ आणि मागचा २९.८ येतो. सुरुवात म्हणून ठीक आहे. मी सिल्व्हियाला पुढे २७ आणि मागे १९ वर आणून ठेवलेत. भाचा म्हणतो, "मामा, तुझी गाडी डुलते." डुलू दे. डुलते म्हणजे वजन एका बाजूला जायला वेळ घेते, आणि तेवढ्या वेळात माझा अंगठा परत येतो. शॉकअप्सच्या डँपिंगमध्ये स्प्रिंग सुटतानाचा रिबाउंड ९, दबतानाचा बंप ६, त्यावर फार डोकं चालवलं नाही.

डिफरन्शियलवर, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणाऱ्या भागावर, मात्र डोकं चालवा. मागच्या चाकांना जोर जाणाऱ्या गाडीला ऍक्सिलरेशन लॉक, म्हणजे गॅसवर ती दोन चाकं एकमेकांना किती जखडायची तो आकडा, ७० च्या वर ठेवणारे बरेच भेटतील. तेवढ्या लॉकला वळणातून निघताना गॅस जरा जास्त दाबला गेला की मागची दोन्ही चाकं एकदम सुटतात, आणि ट्रिगरवर जरा म्हणजे किती हे बोटाला मोजता येत नाही. ४५ वर आतलं चाक थोडं मोकळं फिरतं, थोडा जोर वाया जातो, पण गाडी हातात राहते. शिवाय पहिला गियर जरा लांब करायचा. गेमच्या सेटिंगमध्ये स्टिअरिंग सिम्युलेशन ह्या कडक पर्यायावरून नॉर्मल ह्या सोप्यावर आणलं, पावसाळ्याआधी मी ह्याच्या कट्टर विरोधात होतो, आता परत जाणार नाही. कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल, ६ च्या आसपास. स्टिअरिंग आपोआप मध्ये येण्याचा फायदा अंगठ्याला कळत नाही, स्टिकची स्प्रिंग ते करतेच, पण चाक वळल्यावर बाहेरच्या टायरला निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे वरच्या बाजूने आत कल, मिळतो, मग पुढे उणे १ ठेवला तरी पुरतो. टेलिमेट्री, म्हणजे गाडीचे चालू आकडे दाखवणारा गेमचा पडदा, लावून वळणात बघा, दिसतं.

आता ट्रिगर.

जुन्याच्या दोन्ही ट्रिगरांत छोट्या मोटरी होत्या. मी एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी मदत, बंद ठेवून खेळतो. ब्रेक दाबत गेलात आणि चाक लॉक व्हायला आलं की डावं बोट थरथरायचं, तिथून जराशी ढील द्यायची, बस. इतकी वर्षं मी ब्रेक डोळ्यांनी मारतच नव्हतो, बोटाने मारत होतो. नव्यात फक्त मुठीतल्या मोटरी. सगळं गुरगुरतं ते तळव्यात, रस्त्याचे खड्डे, भिंतीला घासणं, आणि त्यात ब्रेक लॉक झालेला कळतच नाही, कानात कापूस घालून भजनाला बसल्यासारखं. बरं, टायरचा आवाज ऐकावा तर जुलैत आमच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की हेडफोनमधूनही इंजिनशिवाय काही ऐकू येईना. गेममध्येही ऋतू गुरुवारी बदलतो, आणि ओला ऋतू लागला की गेममधल्या मेक्सिकोत रस्ता निसरडा, चाकं आणखी लवकर लॉक. मी सरळ रेषेत घसरत जाऊन कुंपणं मोडत होतो आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात काय छापलंय, तर १००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला हजार वेळा सिग्नल. चुलीत घाला ते हर्ट्झ.

विकणाऱ्याला मेसेज केला की रिटर्न घ्या. उत्तर आलं, "प्रॉडक्टमध्ये डिफेक्ट नाही." तांत्रिकदृष्ट्या खरंय, पण तुम्ही व्हायब्रेशन लिहिता तेव्हा कुठे आहे ते लिहायला शाई संपते का?

शेवटी उपाय गाडीतच शोधला. ब्रेक प्रेशर १०० वरून खाली आणायचं. एका लांब सरळ रस्त्यावर जायचं, स्पीड घ्यायचा, ट्रिगर पूर्ण दाबायचा. चाक लॉक झालं की दोन टक्के कमी, परत तेच. ट्रिगर तळाला टेकल्यावर चाक जेमतेम लॉक होईल अशी जागा मिळेपर्यंत. सिल्व्हियाला ती ८२ वर मिळाली. तुमचे टायर वेगळे, वजन वेगळं, तर आकडाही वेगळा येणार, माझा उचलून लावू नका. आता बोटाला थरथर लागत नाही, ट्रिगरचा तळ म्हणजेच हद्द. पावसात अजून चार-पाच टक्के खाली, त्यासाठी वेगळं ट्यून सेव्ह करून ठेवलंय.

आणि खरं सांगू का, चवथीनंतर मला हे जास्त आवडायला लागलंय. आधी ब्रेक मारताना ट्रिगर अर्ध्यात कुठेतरी लटकवून धरायचो, आता पूर्ण दाबून हळूहळू सोडत वळणात शिरतो, गाडी जास्त शांत असते. गोलायथसारख्या लांब रेसमध्ये बोटसुद्धा कमी दुखतं. म्हणजे ज्या गोष्टीवरून मी दुकानदाराशी भांडलो तिनेच माझं ब्रेकिंग सुधारलं. तरीही खोक्यावर लिहायलाच पाहिजे होतं. हे मी सोडणार नाही.

बाकीचं पटापट. मागे ट्रिगरचा प्रवास कमी करायचं बटण आहे, ते गोळीबाराच्या गेमसाठी, गाडीला लावलंत तर गॅस म्हणजे चालू नाहीतर बंद, सगळं ट्यूनिंग पाण्यात. मागची दोन जादा बटणं गियरला लावली, मस्त. बॅटरी ठीक. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि फ्रेम पडतात, त्यात कंट्रोलरचा दोष नाही, आमच्या फीडरचा आहे. स्क्रू अजून चकचकीत आहेत. कंट्रोलर सिलिका जेलची पाकिटं टाकलेल्या डब्यात ठेवतो, बायको म्हणते काजूची बरणी वापरलीस ती परत दे.

साडेतीन स्टार. दोन्ही ट्रिगरांत मोटर असलेली हॉल इफेक्टची मॉडेलं मिळतात, पण किंमत बघून मी टॅब बंद केला. घेणारच असाल तर आधी विकणाऱ्याला लेखी विचारा, ट्रिगरमध्ये मोटर आहे का, आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. दिवाळीच्या सेलमध्ये भाव उतरला तर बघू, नाहीतर ८२ वर माझं छान चाललंय.