रॉजर्स सेंटर, टोरांटो: एकदा जाऊन याच

हा रिव्ह्यू स्टेडियमचा आहे पण टोरांटोच्या ब्लू जेज या बेसबॉल टीमबद्दल बोलल्याशिवाय तो लिहिताच येणार नाही, कारण २०२५ च्या एप्रिलमध्ये छप्पर बंद असताना अर्ध्या रिकाम्या सीट्समध्ये बसून बघितलेली मॅच आणि त्याच वर्षी जुलैमध्ये छप्पर उघडं, बाजूला सीएन टॉवर आणि सगळं स्टेडियम निळं झालेलं असताना बघितलेली मॅच, यात काही तुलनाच नाही. त्या जुलैमध्ये ऑल-स्टार ब्रेकला (सीझनच्या मधली सुट्टी) जेज ५५-४१ वर होते, म्हणजे ५५ जिंकलेल्या आणि ४१ हरलेल्या, आणि अमेरिकन लीग ईस्ट या त्यांच्या गटात न्यूयॉर्क यांकीजच्या दोन गेम पुढे. आदल्या वर्षी हीच टीम ७४-८८ करून त्याच गटात तळाला होती, आणि २०२५ मध्ये सुद्धा मे संपत आला तेव्हा जिंकलेल्यापेक्षा हरलेल्या मॅच जास्त होत्या. तेव्हा आमच्या मिसिसागाच्या ग्रुपवर सगळे म्हणत होते की हे वर्ष पण गेलं. जुलैत तोच ग्रुप रात्री अकरा वाजेपर्यंत शांत बसत नव्हता.

ज्यांनी फॉलो केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २९ जूनला बॉस्टनमध्ये जिंकले तिथून सलग दहा मॅच जिंकले. त्यातल्या चार घरी यांकीजविरुद्ध, म्हणजे चारही दिवस यांकीज आले आणि चारही दिवस हरून गेले, आणि शेवटच्या दिवशी जेज एकटे पहिल्या नंबरवर. कॅनडा डेला, म्हणजे १ जुलैला, जॉर्ज स्प्रिंगरने दोन होमरन (आपल्या सिक्ससारखे) मारले, त्यातला एक ग्रँड स्लॅम, म्हणजे एका फटक्यात चार रन, एकट्याच्या सात आरबीआय (त्याच्या फटक्यांवर आलेले रन), १२-५ ने मॅच खिशात. तेव्हा पस्तीस वर्षांचा माणूस, आदल्या वर्षी इतका वाईट खेळला होता की लोक म्हणायचे आता याला बसवा. दुसऱ्या दिवशीची मॅच तर विचारूच नका, मोठा लीड होता तो हळूहळू गेला, यांकीजनी ९-९ केलं, आणि तरी ११-९ ने आपणच जिंकलो. अशा मॅच टीव्हीवर बघण्यात आणि तिथे पन्नास ओळखी नसलेल्या लोकांबरोबर उभं राहून बघण्यात खूप फरक आहे हो.

आता जागेबद्दल. १९८९ मध्ये स्कायडोम म्हणून उघडलं, २००५ पासून रॉजर्स सेंटर, पण जुने टोरांटोकर अजूनही डोमच म्हणतात. १९९३ ची वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची फायनल) जेजच्या जो कार्टरच्या होमरनने इथेच संपली, त्यानंतर थेट २०२५ पर्यंत ती इथे परत आली नव्हती, म्हणून लोकांची ही भूक केवढी होती ते समजून घ्या. छप्पर उघडायला साधारण वीस मिनिटं लागतात आणि ते सरकताना बघणं हीच लहान मुलांसाठी अर्धी मजा असते. गेल्या काही वर्षांत मोठं रिनोव्हेशन झालं, २०२३ ला आउटफिल्ड (मैदानाचा लांबचा भाग) बदलली, २०२४ ला खालचा सगळा भाग नवीन केला आणि सीट्स आता पिचरच्या (बोलरच्या) दिशेने वळवल्यात, आधी मान वाकडी करून बघावं लागायचं ते बंद झालं. सीट्सची संख्या कमी झाली, साधारण एकोणचाळीस हजारावर आली, आणि मला विचाराल तर चांगलंच झालं, आवाज जास्त घुमतो.

कुठे बसायचं? मित्रमंडळी असतील, तीन तास एका जागी बसवत नसेल तर आउटफिल्ड डिस्ट्रिक्टचं तिकीट घ्या. नंबरची सीट नसते, फिरायचं, उभं राहायचं, गप्पा मारायच्या. बुलपेन (पिचरच्या वॉर्म अपची जागा) उंचावर आणलेत त्यामुळे पाहुण्या टीमचा रिलीव्हर, म्हणजे मधेच येणारा पिचर, वॉर्म अप करत असतो तो अगदी जवळून दिसतो, आणि आजूबाजूची पब्लिक त्याच्याशी जे काही बोलत असते ते ऐकण्यासारखं असतं. पण आईवडील भारतातून आलेले असतील तर इथे आणू नका, त्यांना खाली १०० लेव्हलला किंवा २०० ला बसवा.

मला स्वतःला मात्र सगळ्यात वरची ५०० लेव्हल आवडते, होमप्लेटच्या (जिथे बॅटर उभा राहतो) मागे. चढण खूप उभी आहे, गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी विचार करून घ्या, पण तिकीट परवडतं आणि फील्डवर कोण कुठे उभा आहे ते पूर्ण दिसतं. आणि खरे फॅन तिथे बसतात! कानात रेडिओ लावलेले, स्कोअरकार्ड पेन्सिलने भरणारे आजोबा, त्यांच्या बाजूला पहिल्यांदाच आलेलं पंजाबी कुटुंब, मागे आमच्यासारखे मराठी, आणि चौथ्या इनिंगपर्यंत सगळे एकमेकांशी वाद घालत असतात. २०२५ मध्ये वादाचा विषय एकच होता, ही टीम खरंच चांगली आहे की नशीब जोरावर आहे. एक बाजू म्हणायची रन डिफरन्स (केलेल्या आणि दिलेल्या रनमधला फरक) बघा, एवढ्या वर असायला नको यांनी, एका-एका रनने जिंकतायत, ते किती दिवस टिकणार. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आणि मी याच बाजूचा होतो, की हे लोक स्ट्राइकआउट (बॉल न मारता आउट) होतच नाहीत. त्या वर्षी सगळ्या लीगमध्ये सगळ्यात कमी स्ट्राइकआउट होणाऱ्या टीम्समध्ये जेज होते, बॉल खेळात ठेवायचे, समोरच्याला फील्डिंग करायला लावायचे, आणि फील्डिंग करायला लावलं की चुका होतातच. आपल्याकडे कसं, विकेट न फेकता सिंगल-डबल काढत बसणारा बॅट्समन बोलरला वैताग आणतो, तसंच.

आणि हे टीव्हीवर तितकं कळत नाही म्हणून सांगतोय. टीव्हीवर बॉल दिसतो. त्या वर्षी वरून बघताना जेजचा एर्नी क्लेमेंट बेसवर असताना समोरचा इनफिल्ड (बेसजवळचे फील्डर) कसा अस्वस्थ होतो ते दिसायचं, आपला फील्डर अंद्रेस हिमेनेझ बॉल बॅटला लागायच्या आधीच एक पाऊल कसा सरकलेला असतो ते दिसायचं. ब्लादिमीर गरेरो ज्युनियरला २०२५ च्या एप्रिलमध्ये १४ वर्षांचं ५०० मिलियन डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असायचंच, पण स्टेडियममध्ये सगळ्यात प्रेमाचा आवाज यायचा तो आलेहांद्रो कर्कला. बुटका, जाडसर कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा), पळायला हळू, पण त्या वर्षी गरेरोबरोबर ऑल-स्टार टीममध्ये तोही होता, तो सेकंड बेसपर्यंत पळाला तरी लोक उभे राहायचे. एरिक लाउअर २०२४ मध्ये कोरियात खेळत होता, मायनर लीग (खालच्या लीगच्या) कॉन्ट्रॅक्टवर आला आणि २०२५ मध्ये स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) म्हणून टीमला सांभाळत होता. अशा माणसांची टीम होती म्हणून लोकांचा एवढा जीव गुंतला होता त्या वर्षी.

खाण्याचं. बाहेरचं खाणं आत नेता येतं, नीट पॅक केलेलं असलं पाहिजे, काचेची बाटली आणि कॅन नको. ही फार मोठी गोष्ट आहे, चार जणांचं कुटुंब आत खायला लागलं तर तिकिटापेक्षा जास्त खर्च होतो. आम्ही पोळीचे रोल आणि चिवडा नेतो, आणि चिवड्याचा डबा रांगेत फिरून रिकामा परत येतो. २०२५ मध्ये ठरावीक मंगळवारी हॉट डॉग एक डॉलरला होते, त्या दिवशी गर्दी प्रचंड, पहिल्या दोन इनिंगमध्ये घेऊन टाकावे लागायचे. शाकाहारी लोकांनी फ्राइज, प्रेट्झेल, पॉपकॉर्न धरून चाला आणि पुटिन (फ्राइजवर चीज आणि ग्रेव्ही) घेणार असाल तर ग्रेव्ही कशाची आहे ते आधी विचारा. कॅश चालत नाही, कार्ड किंवा फोन. तिकीट पण फोनवरच, तेव्हा घरून चार्ज करून निघा.

गाडी नेऊ नका. कृपया. डाउनटाउनमधल्या एका पार्किंगवाल्याने मॅचच्या दिवशी आमच्याकडून जे पैसे घेतले त्यात अजून एक तिकीट आलं असतं. गो ट्रेनने (इथली लोकल) युनियन स्टेशनला उतरा, तिथून स्कायवॉकने आतल्या आत चालत जाता येतं, पाऊस असो नाहीतर ऊन. संध्याकाळची मॅच बहुतेक वेळा ७:०७ ला सुरू होते, सात वाजून बरोबर सात मिनिटांनी. २०२३ ला पिच क्लॉक (पिचरला बॉल टाकायला ठरावीक वेळ) आल्यापासून मॅच बहुतेक वेळा पावणेतीन तासांच्या आत संपते, म्हणजे दुसऱ्या दिवशी ऑफिस असलं तरी जमतं, आधी हे शक्य नव्हतं. येताना मात्र युनियनला तुफान गर्दी असते, जिंकल्यावर तर प्लॅटफॉर्मवर पण घोषणा चालूच, लहान मुलांचा हात सोडू नका.

बेसबॉलमधलं काही कळत नाही म्हणून जायचं टाळू नका. शेजारच्याला विचारा, तो आनंदाने सांगेल, सांगायला सगळे टपूनच बसलेले असतात. २०२५ मध्ये ३१ जुलैच्या ट्रेड डेडलाइनआधी (खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख) अजून एक पिचर आणावा की नाही यावर कोणाचं मत नसलं तरी पाचव्या इनिंगपर्यंत व्हायचं. माझं मत होतं आणावाच, जेजचा पिचर मॅक्स शर्झर चाळिशीचा होता, ऑक्टोबरपर्यंत एकट्या जुन्या हातांवर भार टाकून चालणार नव्हतं.

त्या वर्षी ब्रेकनंतर १८ ते २० जुलै सॅन फ्रान्सिस्कोचे जायंट्स येणार होते आणि २१ पासून तीन दिवस परत यांकीज. यांकीजची तिकिटं तेव्हा महाग झाली होती, अशा मॅचला मॅचच्या दिवसाची वाट बघत बसू नका. जायंट्सच्या रविवारच्या दुपारच्या मॅचला ५०० लेव्हलला थर्ड बेसच्या बाजूला चांगल्या जागा दिसत होत्या, आमचे सहा जण त्याच बाजूला बसणार होते, चिवडा घेऊन.