जुना अ‍ॅटम नेटबुक आणि नेटबीएसडीचं बिल्ड.एसएच : सहा महिने वापरून

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू नेटबुकचा नाही, नेटबीएसडी ह्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमच्या सोर्ससोबत (मूळ कोडसोबत) येणाऱ्या बिल्ड.एसएच नावाच्या स्क्रिप्टचा आहे, जी त्या कोडमधून सगळी सिस्टिम बनवते, म्हणजे बिल्ड करते. पण मशीन काय लायकीचं आहे ते कळल्याशिवाय स्क्रिप्टची किंमत कळणार नाही, म्हणून थोडं सहन करा.

नेटबुक 2008 सालच्या इंटेल अ‍ॅटम एन270 चा. 1.6 गिगाहर्ट्झ, एकच कोअर, 32 बिट, रॅम 1 जीबी. बेळगावच्या शहापुरात आमचं स्टेशनरीचं दुकान आहे, तिथं काउंटरच्या खालच्या कप्प्यात हा पडून असतो आणि रात्री बिलाच्या कॉम्प्युटरचा बॅकअप ओढून घेतो, बस्स एवढंच काम. वीज नावाला खातो, आणि लाइट गेली तर बॅटरीवर वीसेक मिनिटं तग धरतो, आषाढात बेळगावात दुकान असणाऱ्याला ह्याची किंमत विचारा. फेकवत नाही हो.

अडचण अशी की 32 बिटवाल्यांना आता कोण विचारत नाही. उबुंटू आणि फेडोरा ह्या लिनक्सवाल्यांनी कधीच हात वर केले, माझ्या नेटबुकवर डेबियन लिनक्स होतं तर ऑगस्ट 2025 ला आलेल्या डेबियन 13 मध्ये 32 बिट पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही (सिस्टिमचा गाभा) नाही, फ्रीबीएसडीनं पण 15 पासून तेच केलं. माझ्या डोळ्यासमोर उरले नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी. मी नेटबीएसडी 10.1 घेतलं, कारण खरं सांगायचं तर मला सोर्समधून सगळी सिस्टिम स्वतः बनवून बघायची खाज होती.

पहिला शहाणपणा असा केला की बिल्ड नेटबुकवरच लावलं. शुक्रवारी दुकान बंद करताना कमांड मारली, शनिवारी सकाळी शटर उघडून बघतो तर स्क्रीनवर जीसीसी (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर), दुपारी जीसीसी, संध्याकाळी पण जीसीसीच. मला वाटलं अडकलं. अडकलेलं नव्हतं, ते असंच असतंय. ही स्क्रिप्ट तुमच्या सिस्टिमचा कंपायलर विश्वासात घेतच नाही, आधी स्वतःचा कंपायलर आणि बाकीची हत्यारं बनवते, मग त्या हत्यारांनी सगळी सिस्टिम बनवते, आणि त्या सिस्टिममध्ये परत एक कंपायलर असतोच. म्हणजे जीसीसीसारखं धूड दोनदा. त्यात मी हुशारी करून एकाच वेळी दोन कामं चालवायला सांगितलेली, सी प्लस प्लसच्या दोन मोठ्या फायली एकदम आल्या की 1 जीबी रॅम भरायची आणि हार्डडिस्क स्वॅपमध्ये (रॅमची कमी डिस्कवर भागवत) कुरकुर कुरकुर करत बसायची. रविवारी नेटबुक चालूच तसा घरी आणला तर आई म्हणाली, "काय करूलास रे, त्याला ताप आलाय बघ." हात लावला तर खरंच इस्त्री. रविवारी दुपारी पाऊस, लाइट गेली, वीस मिनिटांनी बॅटरी पण गेली. विषय संपला.

भाचा दुसऱ्या रेल्वे गेटाच्या पलीकडं राहतो, इंजिनिअरिंगला आहे, त्याच्याकडं सहा कोअरचा रायझन. त्याला सांगितलं तर हसून म्हणाला, "मामा, चहाच्या पातेल्यात गावजेवण शिजवायलाय काय ओ?" लागलं मनाला, पण बरोबर होतं.

आणि इथंच बिल्ड.एसएच पैसे वसूल करते, म्हणजे पैसे दिलेलेच नाहीत तरी. भाच्याच्या मशीनवर लिनक्स मिंट. त्यावर नेटबीएसडी टाकावं लागलं नाही, व्हर्च्युअल मशीन नाही, रूटचा (मशीनच्या मालक युजरचा) पासवर्ड पण नाही. सोर्स उतरवला, कॅपिटल यू चा ऑप्शन लावला म्हणजे साध्या युजरनं बिल्ड होतं (कुठली फाइल कुणाच्या मालकीची, परमिशन काय, हे ती मेटालॉग नावाच्या फायलीत टिपून ठेवते आणि शेवटी टारबॉल म्हणजे फायलींचं गाठोडं बांधताना तिथून वाचते, मला ही आयडिया फार आवडली), मशीन आय386 (32 बिट पीसीची जात) म्हणून सांगितलं आणि सोडून दिलं. एक्स विंडो (माउसवाला ग्राफिक पडदा) पाहिजे असेल तर वेगळा ऑप्शन लावावा लागतो, मला काळ्या पडद्याशिवाय काही नको होतं म्हणून तेवढा वेळ वाचला. कँपातल्या बेकरीतले पफ नेले होते फी म्हणून, ते खाऊन, त्याच्या आईशी गप्पा मारून, जेवून उठलो तर काम झालेलं. जिथं माझा अ‍ॅटम दोन दिवस घाम गाळून अर्ध्या रस्त्यात पडला तिथं ह्याला जेवणाएवढा वेळ. दुसऱ्या खेपेला तर अजून कमी, कारण स्मॉल यू लावला की जुनं पुसत नाही, बदललेलं तेवढंच बनवते. जागा मात्र लागते, वीसेक जीबी मोकळी ठेवा.

कर्नलच्या कॉन्फिग फायलीची कॉपी करून तिला शहापूर नाव दिलं, आवाज, ब्लूटूथ असल्या नको त्या ओळी बंद केल्या. आता चालू करताना व्हर्जनच्या पुढं कंसात शहापूर असं येतं, गिऱ्हाईकाला दाखवून झालंय. स्पीडमध्ये ह्यानं जमीन अस्मानाचा फरक पडतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, रॅम जराशी सुटते इतकंच. आणि ओळी बंद करताना भान ठेवा, मी एकदा डिस्कच्या कंट्रोलरचीच ओळ घालवली, कर्नल उठला आणि रूट डिव्हाइस (सिस्टिम असलेली डिस्क) कुठाय म्हणून मलाच विचारत बसला. जुना कर्नल ओनेटबीएसडी नावानं बाजूला ठेवायची पद्धत आहे, ती पाळलेली म्हणून बूट प्रॉम्प्टला त्याचं नाव देऊन वाचलो.

पेनड्राइव्हवर टारबॉल घेऊन आलो की इकडचं काम अर्ध्या तासाचं. आधी फक्त कर्नल बदलायचा, रीबूट करायचं, नीट उठला की मगच बाकीचे सेट (सिस्टिमच्या प्रोग्रॅमांचे टारबॉल) सोडायचे. नवीन कर्नलला जुने प्रोग्रॅम चालतात, जुन्या कर्नलवर नवीन प्रोग्रॅम चालतीलच असं नाही, म्हणून हा क्रम.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. सगळे सेट एका दमात सोडताना मी ईटीसीचा टारबॉल पण सोडला. त्यात काय असतं तर कोऱ्या सिस्टिमच्या सेटिंग फायली. रीबूट केलं तर म्हणे आरसी.कॉन्फ (मुख्य सेटिंग फाइल) कॉन्फिगर केलेली नाही, आणि सिंगल युजर ह्या दुरुस्तीच्या मोडमध्ये नेऊन सोडलं. रूटचा पासवर्ड कोरा, माझा युजर गायब, नेटवर्क गायब, डिस्क फक्त वाचायला उघडलेली. शनिवार, समोर वह्या घ्यायला आलेल्या पोरांची रांग, आणि मी काउंटरखाली बसून डिस्क लिहायला उघडायची माउंट कमांड आठवतोय. बॅकअप घेणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या ईटीसीचा बॅकअप नव्हता, हसू नका. त्या टारबॉलला हात लावायचा नाही, तो ईटीसीअपडेट आणि पोस्टइन्स्टॉल ह्या दोन प्रोग्रॅमना दाखवायचा, ते फरक काढून एकेक विचारतात. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, मी नंतर वाचलं.

घ्यावं का? तुम्हाला फक्त सिक्युरिटी अपडेट पाहिजेत तर ह्या भानगडीत पडू नका, नेटबीएसडीवाले स्टेबल ब्रँचचे (दुरुस्त्या घातलेल्या आवृत्तीचे) तयार बिल्ड स्वतःच ठेवतात, तेच टारबॉल उतरवून वर सांगितलं तसं सोडा. ते पण जड वाटत असेल तर ओपनबीएसडी घ्या, त्यांचं सिसपॅच एका कमांडमध्ये तयार पॅच लावतं आणि 32 बिटला पण चालतं. मात्र मोठ्या मशीनवर छोट्याचं बिल्ड करायची सोय तिथं नाही, ज्या जातीचं मशीन त्यावरच बनवायचं हा त्यांचा शिरस्ता. स्वतःचा कर्नल, स्वतःचे पर्याय, आणि अपडेटच्या वेळी दुकानातलं मशीन फक्त अर्धा तास अडकलेलं चालतंय असं असेल तर बिल्ड.एसएचला तोड नाही. पाचातले साडेचार. अर्धा कापला तो ऑप्शनसाठी, स्मॉल यू एक काम करतो, कॅपिटल यू दुसरंच, रात्री अकराला चष्म्याशिवाय गोंधळ होतोच.

एक विनंती. भाचा जूनमध्ये नोकरीला पुण्याला चाललाय आणि रायझन सोबत नेणार आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुणाकडं जुना आय फाइव्ह डेस्कटॉप पडून असेल, 8 जीबी रॅमवाला, मॉनिटर नसला तरी चालेल, तर सांगा. निपाणीपर्यंत मी स्वतः येऊन घेऊन जातो.