सरकारी वकील घरी जाते तेव्हा

तीन वर्षं एका कादंबरीवर काम करतेय. तिच्यात एक तलाठी आहे. एका विधवेचा वारस नोंदीचा अर्ज तो आठ महिने दाबून ठेवतो. मी त्याला तंबाखू मळायला लावली, बाईशी बोलताना मोबाईलमध्ये बघायला लावलं, नको तिथे हसायला लावलं. तरी माणूस काही उभा राहीना. कच्चा खर्डा वाचून मैत्रीण म्हणाली, "हा तलाठी नाही गं, हा तुझा राग आहे." बोलणं लागलं, कारण खरं होतं.

म्हणून या पावसाळ्यात लिहिणं बाजूला ठेवलं आणि जे आधी आवडलं होतं तेच पुन्हा काढलं. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' दुसऱ्यांदा पाहिला, मागोमाग त्यांचाच 'द डिसायपल', आणि व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' कितव्यांदा कोण जाणे, पुन्हा वाचली.

'कोर्ट' २०१४चा. व्हेनिसला गाजला, सुवर्णकमळ मिळालं. गोष्ट दोन ओळींची आहे. मुंबईतला लोकशाहीर नारायण कांबळे याला अटक होते. आरोप असा, की त्याचं गाणं ऐकून वासुदेव पवार या गटार सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. मग तारखा पडत राहतात. वीरा साथीदार यांनी केलेला कांबळे इतका कमी बोलतो आणि इतका ताठ बसतो, की त्यांच्या डोळ्यांखालचा थकवा मला अजून दिसतो. २०२१च्या एप्रिलमध्ये कोरोनाने ते गेले. यावेळी सिनेमा बघताना ते सारखं मनात होतं.

पण मी अडकले सरकारी वकिलापाशी. गीतांजली कुलकर्णी यांनी केलेली ही बाई कोर्टात जुन्या कायद्यांची कलमं एका सुरात, जवळजवळ श्वास न घेता वाचत जाते. तिला कांबळेचा राग नाही. त्याच त्या केसेसचा कंटाळा आलाय, वीस वर्षांची शिक्षा देऊन विषय संपवावा, अशा अर्थाचं ती सहकाऱ्यांशी बोलून जाते, आणि ते आपण बाजारातल्या भावांवर बोलतो तितक्या सहज. मग कॅमेरा तिच्या मागे निघतो. लोकलमध्ये शेजारच्या बाईशी खाण्याच्या तेलावर, मधुमेहावर गप्पा. वाटेत मुलाला घेणं. घरी आल्याबरोबर स्वयंपाक. रविवारी सगळ्यांनी मिळून नाटक, ज्यात परप्रांतीयांना हाकलल्यावर टाळ्या पडतात, आणि ती टाळ्या वाजवणाऱ्यांतली एक.

माझ्यासोबत आई बघत होती. ती चाळीस वर्षं शाळेत नोकरी करून घरी येऊन कुकर लावत आली. स्वयंपाकघराचा प्रसंग आला तेव्हा ती म्हणाली, "हिला त्या शाहिराचं काहीच वाटत नसेल का गं?" आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाली, "वाटायला तिला वेळ कुठाय."

मी सिनेमा तिथेच थांबवला आणि ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

वासुदेवच्या बायकोची साक्ष मात्र थांबवून थांबवून तीनदा पाहिली. नवरा दारू प्यायचा, कारण त्याशिवाय तो वास सोसवत नसे. एक डोळा आधीच गेलेला. आत उतरण्याआधी तो मॅनहोलमध्ये खडा टाकायचा; झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, उतरायला हरकत नाही. ती हे सांगताना रडत नाही, आवाज चढवत नाही, विचारलं तेवढंच सांगते. एका माणसाच्या जिवाची हमी झुरळांवर, आणि ही माहिती कोर्टाच्या कागदात एका ओळीत टंकली जाते. नंतर बचाव पक्षाचा वकील तिला गाडीतून सोडतो, पैसे देऊ करतो. ती पैसे घेत नाही, काही काम असेल तर सांगा म्हणते. लेखकाला इथे एखादं वाक्य घालायचा मोह नक्की झाला असता. मला झाला असता.

एक तक्रार आहे. सरकारी वकिलाला तिचं स्वयंपाकघर मिळालं, पण बचावाच्या वकिलाला वाईन, चीज आणि जाझ मिळालं. त्याचा वर्ग चटकन कळतो, माणूस तितका कळत नाही. आईवडिलांसोबत जेवताना तो चिडतो तेवढ्यापुरता जिवंत वाटतो. न्यायाधीशांच्या बाबतीत ही चूक झालेली नाही. बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून एका बाईची केस ऐकायला नकार देणारा हा माणूस शेवटी सहलीला गेलेला दिसतो, बाकावर डुलकी घेताना. त्याआधी कोर्टाची खोली रिकामी होते, एकेक दिवा बंद होतो आणि पडदा काळा होऊन तसाच राहतो. सिनेमा संपला असं वाटून आई उठली. मी तिला हाताला धरून बसवलं.

'द डिसायपल'वर थोडकंच लिहिते. गाणं शिकणाऱ्या शरदचं काम करणारे आदित्य मोडक स्वतः शास्त्रीय गायक, गुरुजी झालेले अरुण द्रविड किशोरीताई आमोणकरांचे शिष्य, त्यामुळे गाण्यात कुठे खोट नाही. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर दुचाकीवरून जाणारा शरद आणि कानात गुरुजींच्या गुरू माईंचा आवाज, सुमित्रा भावे यांनी दिलेला, हे मला दुसऱ्यांदाही तितकंच भिडलं. पण मोठमोठ्या गायकांची लफडी सांगणारा तो रेकॉर्डींचा संग्राहक, ज्याच्या तोंडावर शरद पाणी फेकतो, तो मला माझ्या तलाठ्यासारखा वाटला. शरदला जेवढा दिसला तेवढाच तो आपल्याला मिळतो. कोण्या संध्याकाळी तो एकटा घरी त्या रेकॉर्डी लावून बसला असेल, तेव्हाचा चेहरा मला हवा होता.

आणि 'बनगरवाडी'. १९५५ची. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर जातो, एवढंच. यावेळी मी फक्त आनंदा रामोशी कसा लिहिलाय ते बघत होते. तो चोर आहे, वाडीला ठाऊक आहे, मास्तरलाही ठाऊक आहे. माडगूळकर त्याची बाजू घेत नाहीत आणि त्याच्यावर बोटही ठेवत नाहीत. तसाच कारभारी. मुलीच्या, अंजीच्या, साध्या चोळीवरून त्याच्या मनात अढी बसते, म्हातारा मास्तरशी बोलायचा थांबतो, आणि वाचताना आपल्याला तो चुकतोय हे दिसत असूनही राग येत नाही. शेकूचा बैल गेल्यावर त्याची बायको जुवाखाली मान देते, तो प्रसंग माझ्या ओळखीचे सगळे वाचक आठवणीने सांगतात. मी तो वाचला आणि विशेषणं मोजायला गेले. मोजण्याइतकी नव्हतीच. दुष्काळात वाडी जगायला बाहेर पडते तेव्हासुद्धा माडगूळकरांचा आवाज एक रेघ वर जात नाही.

ज्यांना या वाडीचा दुष्काळी मुलूख, माणदेश, माहीत नाही त्यांनी ही कादंबरी हळू वाचावी, एका बैठकीत संपते म्हणून संपवू नये. 'कोर्ट' बघणार असाल तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

परवा तिसरं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. तलाठी संध्याकाळच्या एसटीला उभा आहे. पाऊस लागलाय. मुलीला शाळेच्या तक्त्यासाठी पांढरा कार्डशीट हवा होता, तो त्याने गुंडाळून शर्टाच्या आत धरलाय आणि गर्दीत कुणाचं कोपर लागू नये म्हणून अंग चोरून चढतोय. त्या बाईचा अर्ज ऑफिसात टेबलाखालच्या गठ्ठ्यात आहे, खालून तिसरा.