फोन, दोन दिवे आणि एक काच: फोटोवरून नाण्याची ग्रेड ओळखण्याचा अनुभव

दिवाळीच्या आधी नाण्यांचे फोटो काढायला एक छोटा सेट जमवला. फोन आडवा धरणारा स्टँड, मान वळणारे दोन एलईडी दिवे, फोनला चिमट्याने लागणारी मॅक्रो लेन्स आणि फोटोफ्रेममधून काढलेली साधी काच. सगळं मिळून दोन हजारांच्या आत. तेव्हापासून वापराची पद्धत एकच आहे. विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो पाहून ग्रेड, म्हणजे नाणं किती चांगलं टिकलंय याची प्रत, वहीत लिहायची, नाणं हातात आलं की दहापट भिंगाखाली पुन्हा ग्रेड लिहायची, आणि मग त्याच नाण्याचे आपल्या दिव्याखाली फोटो काढायचे. वडोदऱ्यात जुनी नाणी अजून घराघरांतून बाहेर पडतात, त्यामुळे पाहायला माल भरपूर मिळाला.

आधी निकाल सांगते. फोटोत झीज कळते, पृष्ठभाग कळत नाही. व्हेरी फाईनपर्यंतचं, म्हणजे मध्यम झिजलेलं, नाणं मी आता चांगल्या फोटोवरून निर्धास्त घेते. एक्स्ट्रा फाईनच्या, म्हणजे अगदी थोड्या झिजेच्या, वर गेलं की नुसत्या फोटोवर ग्रेड लावत नाही, आणि किमतीची मोठी उडी नेमकी तिथेच असते.

कारण सरळ आहे. झीज उंच भागांवर आधी येते आणि ती जागा ठरलेली असते. एडवर्ड सातव्याच्या १९०३ ते १९१० च्या रुपयात कान आणि कानावरचे केस बघायचे. पंचम जॉर्जच्या रुपयात मुकुटाचे खडे आणि झग्यावरचा हत्ती. १९११ च्या रुपयावर तो हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि १९१२ पासून सोंड नीट दाखवली गेली. त्या हत्तीची बाह्यरेषा फोटोत मोडलेली दिसली की ग्रेड आपोआप खाली येते, तिथे वादाला जागा नसते.

लकाकीचं तसं नाही. नाणं छापताना दाबाखाली धातू बाहेरच्या अंगाला सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा मैदानावर, म्हणजे चित्र-अक्षरांमधल्या सपाट मोकळ्या भागावर, राहतात. नाणं हातात तिरकं करून फिरवलं की या रेषांवरून उजेडाचे पट्टे गोल फिरतात. शेल्डन स्केलवर, म्हणजे १ ते ७० आकड्यांत ग्रेड देण्याच्या पद्धतीत, ५८ (किंचित वापरलेलं) आणि ६२ (न वापरलेलं) यांतला फरक बराचसा या पट्ट्यांत असतो: उंच भागावर आणि मैदानात पट्टा अखंड जातो की मध्येच तुटतो? स्थिर फोटोत पट्टा एकाच जागी थांबलेला असतो, म्हणून तो तुटतो की नाही हे दिसतच नाही. त्यामुळे आता विक्रेत्याकडे दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ मागते: एकच दिवा, पंख्याखाली नको, नाणं कडेने धरून सावकाश फिरवलेलं. चांगले विक्रेते लगेच पाठवतात.

आता सेटबद्दल. सगळ्यात उपयोगी निघाले ते दिवे. घड्याळात दहा आणि दोन वाजतात त्या जागी दिवे उंच ठेवले की नाणं देखणं येतं, आणि विक्रीचे फोटो बहुधा असेच असतात. मग एक दिवा बंद करायचा आणि दुसरा टेबलाला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड टाकायचा. माझ्याकडचा एडवर्डचा एक रुपया पहिल्या उजेडात स्वच्छ, पांढरा, जवळजवळ न वापरलेला दिसतो. दुसऱ्या उजेडात गालापासून मैदानापर्यंत एकाच दिशेने गेलेले बारीक चरे उठतात, आणि तेही अक्षरांच्या पायाशी येऊन थांबतात, कारण कापड तिथे आत पोहोचत नाही. कुणीतरी तो पावडरीने घासला आहे. असं नाणं कितीही चकचकीत असलं तरी ग्रेडिंग कंपनी त्याला साफ केलेलं म्हणून बाजूला काढते. फोटोत उजेड जास्त होऊन मैदान पांढरंफटक पडलं असेल तर हे चरे त्यात बुडून जातात. तसा फोटो आला की मी दुसरा मागते.

काचेचा प्रयोग वेळखाऊ आहे, पण करून बघा. नाणं आणि फोन यांच्या मधे काच ४५ अंशांत धरायची, दिवा बाजूने काचेवर मारायचा आणि थेट उजेड नाण्यावर पडू नये म्हणून मधे काळा पुठ्ठा लावायचा. उजेड काचेवर आपटून सरळ खाली उतरतो आणि फोन काचेतूनच बघतो. सपाट भाग उजळतात, उतार काळे पडतात. झिजलेल्या तांब्याच्या पैशावरचा संवत वाचायला याच्यासारखं काही नाही. लकाकी मात्र या उजेडात मरते, म्हणून ग्रेडसाठी हा फोटो एकटा धरू नये.

आपल्या इथल्या नाण्यांना थोडा वेगळा डोळा लागतो. तिसऱ्या सयाजीरावांचा १८९० च्या दशकातला, त्यांच्या चेहऱ्याची छाप असलेला चांदीचा रुपया घ्या. पगडीच्या घड्या सपाट दिसल्या की फोटो पाहणारा लगेच झीज म्हणतो. दांडिया बाजारातले एक जुने संग्राहक, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो, असंच एक नाणं भिंगाखाली धरून म्हणाले, "अगं, हे झिजलेलं नाहीये, ठोकाच कमी पडलाय. सपाट जागेचा रंग बघ, बाजूच्यासारखाच आहे ना?" खरंच तसं होतं. झिजलेली जागा गुळगुळीत असते आणि तिचा करडा रंग मैदानापेक्षा वेगळा पडतो. छाप कमी उठली असेल तर तिथेही मूळची पोत आणि लकाकी राहते. फोटो मोठा करून हे दिसतं, पण मूळ फाईल हवी. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि पहिल्यांदा हीच पोत पुसली जाते. विक्रेत्याला फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

त्याआधीच्या हाताने ठोकलेल्या गायकवाडी रुपयांना तर शेल्डनचे आकडे लावूच नयेत असं माझं ठाम मत आहे. साचा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे मजकुराचा तुकडाच नाण्यावर येतो. तिथे नागरी अक्षर पूर्ण आलंय का, साल आलंय का, सराफाच्या पारखीचे ठोके किती आणि कुठे आहेत, हेच बघायचं. हे सगळं फोटोत उत्तम दिसतं.

समोरून काढलेल्या फोटोत कधीच न दिसणारी गोष्ट म्हणजे कडा. राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे) रुपये माळेत ओवायची पद्धत घरोघरी होती. कडी काढून, डाख घासून, नाणं पुन्हा बाजारात येतं. राणीच्या डोक्यावर, बारा वाजण्याच्या जागी, कडेचे दाते पुसलेले किंवा चांदीचा रंग बदललेला दिसला तर ती जुनी कडी समजावी. कडेचे चार बाजूंनी चार फोटो मागते, आणि यासाठी नाही म्हणणाऱ्याकडून घेत नाही.

डोळा तयार करायला मला सर्वांत मदत झाली ती पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकन ग्रेडिंग कंपन्यांच्या संकेतस्थळांवरच्या ग्रेड लागलेल्या नाण्यांच्या फोटोंची. ग्रेड हाताने झाकून आधी आपला अंदाज लिहायचा, मग उघडून बघायचा.

मॅक्रो लेन्स मात्र घेऊ नका. कडेला चित्र पसरतं, फोन नाण्याच्या इतक्या जवळ आणावा लागतो की दिव्याला जागाच उरत नाही. फोन हातभर वर ठेवून त्याच्याच दुप्पट झूमवर काढलेला फोटो जास्त स्वच्छ येतो. त्या पैशांत ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा येतो. ब्रिटिश रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. विक्रेत्याने फोटोबरोबर वजनाचा फोटोही पाठवला असेल, तर आपल्या काट्यावर तो आकडा ताडून बघता येतो.